नऊ वर्षांत साठ हजार

नऊ वर्षांची डिझेल स्विफ्ट, पानिपतची, हरियाणा पासिंग, मीटरवर ६०,००० किलोमीटर. हे वाचून ज्याला आनंद झाला त्याने गाडी घेऊ नये, एसटीने फिरावं.

डिझेल गाडी माणूस घेतो कशाला? पळवायला. चार पैसे जास्त मोजून डिझेल घ्यायची आणि मग दिवसाला जेमतेम १८ किलोमीटर चालवायची, असा गृहस्थ पुण्यात एखादा सापडेल (पुण्यात काहीही सापडतं), पण पानिपतात? पानिपत म्हणजे जीटी रोड, आजचा राष्ट्रीय महामार्ग ४४. खाली सुमारे ९० किलोमीटरवर दिल्ली, वर कर्नाल, अंबाला. चादरी, ब्लँकेट, गालिचे विकणारं हे गाव दिल्लीला जाऊन-येऊनच पोट भरतं. आठवड्यातून दोनदा दिल्ली गाठली तरी वर्षाचे १८,७०० किलोमीटर होतात, नऊ वर्षांचे एक लाख अडुसष्ट हजार. यात लग्नं, वैष्णोदेवी आणि मेहुण्याने मागून नेलेली गाडी धरलेली नाही. मग मीटरवर साठ दिसतात तेव्हा वरचे लाखभर गेले कुठे? पानिपतात हरवलेल्या गोष्टींची आपली यादी आधीच मोठी आहे, आणि विश्वास तर तिथे १७६१ सालीच गेला.

तरीही मराठी पोरगा आज पानिपताकडे, दिल्लीकडे डोळे लावून बसलेला असतो. कारण तिकडे गाडी स्वस्त मिळते. ती का स्वस्त, हे मात्र तो विचारत नाही. स्वस्ताईची चौकशी करणं आपल्याकडे अपशकुन मानतात.

कारण साधं आहे. पानिपत राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात येतं. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये सांगितलं की डिझेल गाडी दहा वर्षं. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये डिझेलला दहा, पेट्रोलला पंधरा यावर शिक्कामोर्तब केलं. ज्या पानिपतात इंडियन ऑइलची रिफायनरी १९९८ पासून डिझेल गाळते आहे, तिथेच डिझेल गाडी दहाव्या वर्षी म्हातारी ठरते. यात धूर मोजायचा नाही, रनिंग बघायचं नाही, फक्त वाढदिवस मोजायचे. निवृत्त मास्तरांनी नऊ वर्षं झाकून ठेवलेली डिझेल गाडी पुढच्या वर्षी भंगार, आणि पाच वर्षांत तीन लाख किलोमीटर रगडलेली टॅक्सी अजून तरुण. हवेला हा हिशेब कळतो की नाही ठाऊक नाही, बाजाराला मात्र चांगला कळला. दहा वर्षांतच मरणार असेल तर पिळून घ्या. म्हणून तिथे गाडी वयाने कोवळी आणि चाकांनी म्हातारी असते.

मध्यंतरी कोर्टाला थोडी दया आली. १२ ऑगस्ट २०२५ ला अशा गाड्यांच्या मालकांवर कारवाई करू नका म्हणून आदेश झाला, आणि डिसेंबरात ती सवलत बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांपुरतीच ठेवली. पण आज आहे ती सवलत उद्या असेलच, यावर कोण पैसे लावणार? नवव्या वर्षी मालकाचा धीर सुटतो आणि गाडी विकायला निघते. महाराष्ट्रात डिझेल गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. तिकडे जिचं एक वर्ष उरलं, तिला इकडे सहा मिळतात. आकर्षण खोटं नाही.

घोळ वाटेत होतो. तिकडचं गिऱ्हाईक तारखेला घाबरतं, इकडचं मीटरला. तारीख सरकारच्या दप्तरात असते, ती हलत नाही. मीटर गाडीत असतं. जे हलतं ते हलवलं जातं. पूर्वी डॅशबोर्ड उघडून आकड्यांची चाकं उलटी फिरवावी लागत, निदान अंगमेहनत होती. आता स्टिअरिंगखालच्या सॉकेटला एक डबी जोडायची, आकडा टाकायचा. चहा येईपर्यंत गाडी चार वर्षांनी तरुण.

हा गुन्हा नाही का? आहे की! फसवणुकीच्या कलमात बसतो. अमेरिकेत १९७२ पासून ओडोमीटरच्या लबाडीसाठी खास कायदा आहे. बेल्जियममध्ये २००६ पासून कार-पास नावाचा दाखला असतो. गाडी कुठल्याही गॅरेजात गेली की तिचं रनिंग नोंदवलं जातं, आणि तो दाखला दिल्याशिवाय जुनी गाडी विकता येत नाही. आपल्याकडे अशी साखळी नाही. आपल्याकडे पूर्वी ४२० कलम होतं, १ जुलै २०२४ पासून त्याचं ३१८ झालं. म्हणजे फसवणुकीच्या कलमाचंही मीटर मागे फिरवून घेतलं आहे.

आणि गंमत बघा. हेच पानिपत जगभरच्या जुन्या लोकरी कपड्यांवर जगतं. युरोप-अमेरिकेत टाकलेले स्वेटर, कोट इथे येतात, त्यांचा पिंजून धागा होतो, धाग्याची ब्लँकेटं होतात. चिंध्या म्हणून आयात होणारा हा माल फाडून, कापूनच आत आला पाहिजे, असा कस्टम्सचा नियम आहे. कुणी जुना कोट चांगला म्हणून विकू नये! दोनशे रुपयांच्या कोटाबद्दल एवढी काळजी. चार लाखांच्या गाडीबद्दल विचाराल तर, भाईसाब, गड्डी मक्खन है.

पण एकट्या डीलरला शिव्या घालण्यात अर्थ नाही. खरा दोषी आपल्याबरोबर गाडी बघायला आलेला असतो. ते काका असतात.

प्रत्येक घरात गाडीतले कळणारे एक काका असतात. त्यांनी १९९८ मध्ये मारुती ८०० घेतली होती, हे त्यांचं शिक्षण. ते टायरला लाथ मारतात, बॉनेट उघडून ‘हं’ म्हणतात आणि विचारतात, रनिंग किती? समोरचा खरं बोलला, म्हणाला, दोन लाख दहा हजार, तर काका चहाचा कप खाली ठेवून उठतात. पलीकडच्या दुकानात साठ हजार सांगतात, वर ‘डॉक्टरची गाडी आहे, मॅडम चालवायच्या’ अशी फोडणी. तिथे लगेच टोकन. गंमत म्हणजे दोन्ही गाड्या एकाच वर्षाच्या, कदाचित एकाच रस्त्यावर धावलेल्या. खरं बोलणाऱ्याची गाडी सहा महिने धूळ खाते. सातव्या महिन्यात तोही डबीवाल्याला फोन करतो. आपण लबाडीला बळी पडलो असं पोरगं म्हणतं. खरं तर त्याने ऑर्डर दिली होती.

पोराचं तर काय सांगावं. त्याचे प्रश्न ठरलेले: ॲव्हरेज किती देते, टचस्क्रीन आहे का, अलॉय व्हील्स आहेत का. ब्रेक कधी बदलले, हा प्रश्न इन्स्टाग्रामवर कुणी टाकलेला नसतो.

आता माझं मत. दोन लाखांची खरी गाडी साठ हजारांच्या खोट्या गाडीपेक्षा चांगली. हे नीतीचं बोलणं नाही, ग्रीसचं आहे. महामार्गावर टॉप गिअरमध्ये कापलेले किलोमीटर इंजिनाला तितके जाचत नाहीत. सिंहगड रोडवर क्लच दाबून धरत काढलेले तीस हजार जास्त खातात. स्विफ्टमध्ये असलेलं १२४८ सीसीचं डिझेल इंजिन मूळचं फियाटचं. ते टाटांनी लावलं, मारुतीनेही लावलं, आणि त्याला टायमिंग चेन आहे, बेल्ट नाही. दर दहा हजारांना ऑइल बदललेलं असेल तर दोन लाखांवर त्याला हार्ट अटॅक येत नाही. क्लचप्लेट, सस्पेन्शन, टर्बो, इंजेक्टर यांची कामं निघतील. ती निघणारच, त्यांचे पैसे आधीच बाजूला काढता येतात. दोन लाखांच्या गाडीची सर्व्हिसची वीस बिलं असतात. ती वाचायला कंटाळा येतो, पण तीच खरी जन्मपत्रिका.

खोट्या मीटरचं नुकसान किमतीपुरतं असतं तर चालून गेलं असतं. डस्टरचं दीड लिटर डिझेल किंवा पोलो-व्हेंटोचं टीडीआय घ्या. यांना टायमिंग बेल्ट असतो, आणि तो ठरावीक किलोमीटरला बदलावाच लागतो. मीटर साठ हजार सांगतंय म्हणून पोरगं निवांत. बेल्टने मात्र एक लाख साठ केलेले असतात, आणि बेल्ट मीटर वाचत नाही. एक दिवस तो तुटतो, व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांना भेटतात, आणि इंजिनच खोलावं लागतं. तेव्हा काका फोन उचलत नाहीत.

मीटर फिरवलेलं ओळखायला जादू लागत नाही. साठ हजारांच्या गाडीचं ब्रेक पेडलचं रबर गुळगुळीत नसतं, ड्रायव्हर सीटची कड बसलेली नसते. पेडलचं रबर नवंकोरं असेल तर आणखी संशय घ्या. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. नऊ वर्षांच्या, साठ हजारांच्या गाडीवर टायरचा तिसरा जोड दिसला तर आधीचे दोन जोड काय भाजी आणून झिजले? गाडी बघायला जाल तेव्हा इंजिन थंड असलं पाहिजे. तुम्ही पोचायच्या आधीच कुणी ‘गरम करून ठेवली साहेब’ म्हणत असेल तर थंड इंजिनाचा पहिला आवाज आणि पहिला धूर तुमच्यापासून लपवला आहे. इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडा. खालून भकाभका वाफ मारत असेल तर मेकॅनिक ज्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात ते हेच. आणि गाडीचा नंबर घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला चौकशी करा. डबीवाल्याचा हात गाडीपर्यंत पोचतो, कंपनीच्या संगणकापर्यंत नाही.

सांगली जिल्ह्यातल्या विटा-आटपाडीकडची गलाईची माणसं सोनं-चांदी गाळायला उत्तरेत शहरोशहरी पसरली आहेत. गावाकडच्या भाच्याला गाडी हवी असली की फोन त्यांना जातो: मामा, जरा बघून ठेवा. कणभर सोनं विस्तवात घातल्याशिवाय ज्यांनी कधी खरं मानलं नाही, ते मामा गाडी बघतात आणि सांगतात, चकाचक आहे.

विम्याची गोष्ट आणखी मजेशीर. ब्रिटनमध्ये अठरा वर्षांच्या पोराने जुनी गाडी घेतली तर कधी कधी विम्याचा हप्ता गाडीच्या किमतीच्या वर जातो. कंपनी म्हणते, तू तरुण आहेस, तू ठोकणार. आपल्याकडे थर्ड पार्टीचा हप्ता इंजिनाच्या सीसीवर ठरतो. १००० ते १५०० सीसीला ३,४१६ रुपये, मग चालवणारा नातू असो की आजोबा. थोडक्यात, कालच परवाना मिळालेल्या पोराला अडवायला ना हप्ता आहे ना काका. तो थेट पानिपतात उतरतो आणि जानेवारीच्या धुक्यात, कुणी कधी बदलले हे माहीत नसलेल्या टायरांवर, दीड हजार किलोमीटर घराकडे निघतो. स्टेटसवर गाडीच्या फोटोखाली लिहितो: राजे निघाले.

कागदांचं एवढंच सांगतो. फॉर्म २९, ३०, दुसऱ्या राज्यासाठी २८ म्हणजे एनओसी, आणि गाडीवर कर्ज असेल तर ३५. महाराष्ट्रात रस्ता कर नव्याने भरावा लागेल. तो आधी विचारा, नाहीतर स्वस्ताईचा निम्मा भाग तिथेच जातो. ‘नंतर करू ट्रान्सफर’ हे वाक्य ज्याने उच्चारलं त्याच्याशी व्यवहार करू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार खटल्यात सांगितलं की दप्तरात ज्याचं नाव, तोच मालक, अपघाताची भरपाईही त्याच्याच गळ्यात. मधे गाडी किती हात फिरली याच्याशी देणंघेणं नाही. म्हणजे नाव न बदलण्यात विकणाराही मरतो. आणि घेणाऱ्याने विमा स्वतःच्या नावावर केला नाही तर गाडीच्या नुकसानीच्या क्लेमला कंपनी हात जोडते. एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरलाही परिवहन खात्याचं अधिकारपत्र घ्यावं लागतं. ते बघायला मागा. दुकानदाराचा चेहराच बरंच काही सांगेल.

तेव्हा पोरांनो, दोन लाख रनिंगची गाडी जरूर घ्या, वीस बिलांसकट. किमतीच्या वर कामासाठी वेगळे पैसे ठेवा आणि टायर घरी आल्यावर नव्हे, निघण्याआधी बदला. एनओसी हातात पडल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. आणि काकांना न्यायचंच असेल तर न्या. फक्त रनिंग किती, हे त्यांना विचारू देऊ नका.