मनगटावरच्या हिरव्या दिव्यास

घड्याळाच्या पोटाखाली लुकलुकणाऱ्या दिव्या,

पत्राच्या सुरुवातीला नमस्कार लिहीत नाही. माझा तुझ्यावर राग आहे आणि तो चार लोकांसमोर मांडायचा आहे.

बायपासनंतर डॉक्टरांनी अप्पांना चालायची परवानगी दिली ती एका अटीवर: ठोके मिनिटाला ११० च्या वर जाऊ द्यायचे नाहीत. त्यासाठीच तुला घरात आणलं. अप्पा ट्रेडमिलवर हात मोकळे सोडून चालत होते आणि तू १०८ दाखवत होतास. पाच मिनिटं झाली, दहा झाली, तुझा आकडा हलेना. बोलताना त्यांना धाप लागायला लागली, कपाळावर घाम आला, तरी तुझ्याकडे बघून ते म्हणाले, "अजून दोन शिल्लक आहेत की!" मी ट्रेडमिल थांबवली, त्यांच्या अंगठ्याच्या मुळाशी बोटं टेकवली आणि पंधरा सेकंद नाडी मोजली. तेहतीस ठोके. म्हणजे मिनिटाला १३२.

मग १०८ आले कुठून? दुसऱ्या दिवशी त्यांना त्याच वेगावर मिनिटभर चालवलं आणि पावलं मोजली. एकशे आठ! तू माझ्या वडिलांची पावलं मोजत होतास आणि त्या आकड्याशेजारी बदाम काढून दाखवत होतास.

तुझी अडचण मला कळत नाही असं समजू नकोस. तू कातडीत हिरवा उजेड सोडतोस. रक्त तो शोषून घेतं. ठोक्यासरशी मनगटात रक्त वाढतं तेव्हा परत येणारा उजेड थोडा कमी होतो, आणि त्या चढउतारावरून तू ठोके मोजतोस. पण चालताना हात हलतो, घड्याळ कातडीवर सरकतं, प्रत्येक पावलाचा हिसका मनगटापर्यंत पोचतो, आणि उजेड त्यानेही कमीजास्त होतो. हालचाल ओळखून ती वजा करायचं यंत्र तुझ्या शेजारीच बसवलेलं असतं. तरीही ठोके कोणते आणि पावलं कोणती, यात तुझी गल्लत होते. पट्टा सैल असेल, हात गार पडला असेल, कातडीवर गोंदलेलं असेल, तर आणखीच.

ही तक्रार माझ्या एकट्याची नाही. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या डॉक्टरांनी ५० निरोगी माणसांना ट्रेडमिलवर चालवलं, पळवलं. छातीवर ईसीजीच्या तारा होत्या आणि मनगटांवर तुझे भाऊबंद. २०१७ साली 'जामा कार्डिऑलॉजी'त निष्कर्ष छापून आले. १ म्हणजे ईसीजीशी तंतोतंत जुळणं. छातीला बांधायच्या पट्ट्याने ०.९९ गाठले. मनगटावरची चार यंत्रं ०.८३ ते ०.९१ मध्ये अडकली. बसल्या जागी ती बरी चालली, व्यायाम सुरू झाल्यावर अचूकपणा घसरला. छातीचा पट्टा हृदयाची वीज टिपतो, त्याला हाताच्या झुलण्याशी फारसं देणंघेणं नसतं. दिसायला तो ओबडधोबड, घामाने ओला होणारा, कोणाला मिरवता न येणारा. पण काम चोख.

त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सात यंत्रं तपासली. त्यातल्या सहांची ठोक्यांमधली चूक पाच टक्क्यांच्या आत होती, हेही सांगायला हवं. तू सदासर्वदा खोटा नाहीस. सोफ्यावर बसलेल्या माणसाची नाडी तू नीट सांगतोस, आणि माझा संताप नेमका तिथेच आहे. बसल्या जागी खरं बोलून तू विश्वास कमावतोस आणि जिथे त्या विश्वासावर जीव टांगलेला असतो, तिथे दगा देतोस. कॅलरींबद्दल तर बोलायलाच नको: त्या सातांमधल्या सर्वांत चांगल्या यंत्राचीही चूक सरासरी २७ टक्के निघाली.

चुकलास याचं मला एवढं वाटलं नसतं. पण चुकत असताना तुझा चेहरा जराही बदलला नाही. खरे १०८ आणि खोटे १०८ तू एकाच ठळक अक्षरात दाखवलेस. उजेडाची खूण अस्पष्ट येते आहे हे तुझ्या आतल्या गणिताला कळू शकतं. मग तेव्हा आकड्याच्या जागी नुसती रेघ का दाखवत नाहीस? रेघ दिसली असती तर अप्पा थांबले असते. 'वैद्यकीय उपयोगासाठी नाही' हे वाक्य माहितीपत्रकात मुंगीएवढ्या अक्षरांत छापून तुझे मालक मोकळे होतात आणि जाहिरातीत मात्र हृदयाची काळजी घेतात. ज्यांना चष्म्याशिवाय ती अक्षरं दिसत नाहीत, त्याच वयाच्या माणसांना तुझी गरज जास्त पडते.

आता अप्पा छातीला पट्टा बांधून चालतात. तरी दर पाच मिनिटांनी थांबतात, दोन बोटं मनगटावर ठेवतात आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत ओठांतल्या ओठांत मोजतात. नाडीची जागा बोटांना नीट सापडावी म्हणून तुला मात्र कोपराकडे सरकवावं लागतं.

अप्पांचा मुलगा