शिक्का नव्या यंत्राला, बोटं जुन्या प्रेसखाली

तर्जनी मुळापासून गेली तर १४ टक्के. तिची दोन पेरं गेली तर ११, एकच गेलं तर ९. मधलं बोट पूर्ण गेलं तर १२. अनामिका किंवा करंगळी गेली तर ७. अंगठ्याला ३०. एका हाताची चारही बोटं गेली तर ५०.

हे कोष्टक आपल्या कायद्यात आहे. १९२३ च्या भरपाई कायद्याच्या अनुसूचीत ते छापलेलं होतं आणि कर्मचारी राज्य विमा योजनेतही तोच हिशेब चालतो. कोणतं बोट गेल्यावर माणसाची कमावण्याची ताकद किती घटली, ते यावरून ठरतं. महिना १५ हजार मिळवणाऱ्या कामगाराची तर्जनी गेली, तर ढोबळ गणित असं: पगाराच्या ९० टक्के म्हणजे १३,५०० रुपये आणि त्याचे १४ टक्के म्हणजे १,८९० रुपये. तेवढी रक्कम दरमहा, जन्मभर. पंचविशीतल्या पोराचं बोट, आणि त्यावर हे पेन्शन.

दिल्लीच्या भोवताली या कोष्टकाची पानं झिजली असतील. गुरुग्राम, मानेसर, फरिदाबाद, बल्लभगड हा देशाचा मोठा वाहनपट्टा. मारुती, हिरो, होंडा यांचे कारखाने तिथे आहेत आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे लहानमोठे कारखाने गल्लोगल्ली आहेत. ब्रॅकेट, वॉशर, सीटचे सांगाडे, बिजागऱ्या असं सगळं पत्र्यातून कापून आणि वाकवून निघतं ते पॉवर प्रेसवर. ‘सेफ इन इंडिया फाउंडेशन’ ही संस्था या पट्ट्यातल्या जखमी कामगारांसोबत काम करते आणि २०१९ पासून ‘क्रश्ड’ नावाचे अहवाल काढते. हात चिरडण्याच्या अपघातांत सर्वांत मोठा वाटा पॉवर प्रेसचा असतो आणि जखमी माणूस सरासरी दोन बोटं गमावतो, हे त्या अहवालांत पुन्हा पुन्हा येतं. अनेकांना विम्याचं कार्ड अपघात झाल्यावर मिळालेलं असतं. पगार हेल्परचा आणि काम ऑपरेटरचं, हेही त्यात नोंदलेलं आहे. ही माणसं बहुतेक बिहार, उत्तर प्रदेशातून आलेली असतात आणि ठेकेदाराच्या हजेरीवर असतात. बोट गेलं की गाव गाठतात. हरियाणाच्या सरकारी अपघातनोंदी आणि संस्थेला प्रत्यक्ष भेटणारे जखमी यांचा मेळ कधी बसलेला नाही. जखमी नेहमीच जास्त भरतात.

आता दिल्लीतला कागद पाहू.

२८ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्राच्या अवजड उद्योग मंत्रालयाने यंत्रसामग्री आणि विद्युत उपकरणांच्या सुरक्षेचा सर्वसमावेशक तांत्रिक नियमन आदेश काढला. पंप, कॉम्प्रेसर, क्रेन, माती उपसणारी यंत्रं, लेथसारखी मशीन टूल्स, विणकामाचे माग, ट्रान्सफॉर्मर, स्विचगिअर अशी लांब यादी. या यंत्रांना भारतीय मानक ब्यूरोचं प्रमाणपत्र लागेल आणि ते ‘स्कीम एक्स’खाली मिळेल. उत्पादकाने यंत्राची तांत्रिक फाइल द्यायची, त्यातला प्रत्येक धोका आणि त्यावरचा उपाय दाखवायचा, ब्यूरोचा माणूस कारखाना पाहणार, मग परवाना. परदेशी उत्पादकालाही हे चुकत नाही. अंमलाची तारीख होती २८ ऑगस्ट २०२५. ती येण्याआधीच जून २०२५ मध्ये तारीख १ सप्टेंबर २०२६ वर ढकलली गेली.

मी या आदेशाच्या बाजूने आहे, हे आधी सांगतो. यामागचं पायाभूत मानक आयएस १६८१९ हे आयएसओ १२१०० चंच भारतीय रूप. त्यात कामाचा क्रम ठरवून दिलेला आहे. आधी यंत्राची रचनाच अशी करा की धोका उरणार नाही. जो उरेल त्याला गार्ड लावा, सेन्सर लावा. त्यातूनही जो उरेल त्याबद्दल वापरणाऱ्याला सूचना द्या. आपल्या बहुतेक शेडमध्ये हा क्रम उलटा आहे. आधी भिंतीवर ‘सुरक्षा सर्वप्रथम’ची पाटी लागते आणि गार्ड कोपऱ्यात काढून ठेवलेला असतो, कारण तो असला की तासाला निघणारे पीस कमी होतात.

उत्पादक आणि आयातदार तक्रार करतात. चाचणीच्या प्रयोगशाळा पुरेशा नाहीत, फाइल तयार करणारी माणसं नाहीत, लहान कारखानदाराला खर्च झेपणार नाही. यातला काही भाग खरा आहे. गाझियाबाद, लुधियाना, राजकोटच्या छोट्या शेडमध्ये प्रेस बांधणाऱ्याकडे ड्रॉइंगही धड नसतं, तो धोक्यांचं मूल्यमापन काय लिहिणार? इचलकरंजीच्या मागवाल्यालाही बाहेरून येणारं यंत्र अडकेल अशी धास्ती वाटते. मग प्रयोगशाळा उभ्या करा, मानक मराठीत, हिंदीत, गुजरातीत समजावून सांगा, लहान उत्पादकाची फी सरकारने भरावी. मुदत वाढवून द्यायची तर त्या वर्षात काय काय केलं, याचा जाहीर हिशेबही द्या. नुसती तारीख सरकवल्याने कुठलीच प्रयोगशाळा उभी राहत नाही.

माझा खरा आक्षेप वेगळा आहे. हा आदेश नव्या यंत्रापाशी थांबतो. बनवणारा, आणणारा, विकणारा यांना तो पकडतो. शेडमध्ये आधीच बोल्टने बसवलेल्या प्रेसला तो हात लावत नाही. आणि बोटं तर तिथेच तुटत आहेत.

ही जुनी प्रेस कशी चालते ते समजून घ्या, कारण सगळं दुखणं तिथे आहे. मोठं चाक सतत फिरत असतं. पायाने पेडल दाबलं की एक पिन चाकात अडकते आणि वरचा रॅम खाली येतो. पिन एकदा अडकली की रॅमचा फेरा पुरा होणारच. मध्ये थांबवण्याची सोयच या क्लचमध्ये नाही. पिन झिजली, स्प्रिंग तुटली, तर पेडल न दाबताही रॅम दुसऱ्यांदा खाली येतो. तेवढ्यात कामगाराचा हात डायमध्ये तयार पीस काढायला गेलेला असतो. अशा यंत्रावर प्रकाशाच्या पडद्याचा सेन्सर बसवून उपयोग नाही. सेन्सर हात पाहील, पण रॅमला अडवणार कोण? तिथे एक तर डायला असा बंदिस्त गार्ड हवा की बोट आत जाऊच शकणार नाही, नाही तर पिन क्लच काढून हवेच्या दाबावर चालणारा क्लच-ब्रेक बसवायला हवा. त्यावर मात्र सेन्सर आणि दोन हातांची बटणं खरोखर काम करतात. यात नवं तंत्रज्ञान काहीच नाही, वर्कशॉपमधला कुठलाही फोरमन हे सांगेल.

कामगाराने हात घातलाच का, असं मालक विचारतात. हात घातल्याशिवाय पीस निघत नाही म्हणून घातला. चिमटा दिला नव्हता म्हणून घातला. बारा तासांच्या पाळीत हजारो वेळा तोच हात आत-बाहेर करणारा माणूस एकदा चुकेल, हे गृहीत धरूनच यंत्र बांधायचं असतं. आदेशामागचं मानक हेच सांगतं.

कायदा नव्हता असं म्हणायला तर जागाच नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याचं २१ वं कलम धोकादायक भागांना कुंपण घाला म्हणत होतं. २६ वं कलम यंत्र विकणाऱ्यालाच धरत होतं: फिरणारे उघडे भाग झाकल्याशिवाय यंत्र विकलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पाचशे रुपये! तेव्हाच्या पाचशेला किंमत होती, पण कायदा निवृत्त होईपर्यंत आकडा तोच राहिला. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर १९८७ मध्ये ७-ब कलम आलं आणि यंत्राचा रचनाकार, उत्पादक, आयातदार, पुरवठादार सगळे जबाबदार झाले. त्याच कलमात पळवाटही होती. गिऱ्हाइकाने ‘सुरक्षेची अमुक काळजी मी घेईन’ असं लिहून दिलं की तेवढ्यापुरता उत्पादक मोकळा. स्वस्त प्रेस हवी असलेलं गिऱ्हाईक काय वाटेल ते लिहून देईल.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा संहितेने घेतली. दंड वाढले हे बरं झालं. सुरक्षेच्या कर्तव्यात कसूर होऊन गंभीर इजा झाली तर किमान दोन लाख, आणि त्यातला निम्मा तरी जखमीला देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकतं. पण त्याच संहितेने ‘कारखाना’ कोणाला म्हणायचं ती रेषाही वर नेली. विजेवर चालणाऱ्या ठिकाणी पूर्वी दहा कामगार पुरत, आता वीस लागतात. दहा ते एकोणीस माणसांच्या शेडला आस्थापना म्हणून सर्वसाधारण कर्तव्यं राहतात, कारखान्यांसाठीची खास तपासणी आणि नियम मात्र सुटतात. गुरुग्राम-फरिदाबादच्या गल्ल्यांतली प्रेसची शेड याच मापाची असते. जिथे यंत्र सर्वांत जुनं आणि देखरेख सर्वांत कमी, तिथेच कायदा मागे सरकला. संहितेतली ही तरतूद चुकीची आहे आणि ती बदलायलाच हवी.

जुन्या यंत्राला नियम लावता येत नाही, असं कोणी म्हणत असेल तर ब्रिटनचं उदाहरण आहे. तिथे १९६५ साली पॉवर प्रेसचे स्वतंत्र नियम झाले. प्रशिक्षण घेतलेल्या, लेखी नेमणूक झालेल्या माणसाने पाळी सुरू झाल्यापासून चार तासांच्या आत प्रेसचा गार्ड तपासायचा आणि सही करायची. डाय बदलली की पुन्हा तपासायचं. प्रेस नवी की जुनी हा प्रश्न नव्हता. ती चालू असेल तर सही हवी. ही पद्धत आजही तिथल्या कायद्यात आहे. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, आयात परवाना लागत नाही. एक माणूस, एक वही आणि सही खोटी निघाली तर शिक्षा, एवढं पुरतं.

दिल्ली, हरियाणा, उत्तर प्रदेश आणि राजस्थान अशा चार सरकारांचे भाग मिळून हा राजधानी प्रदेश होतो. प्रत्येकाचं निरीक्षण खातं वेगळं. प्रमाणपत्र देणारा ब्यूरो बहादूरशाह जफर मार्गावरच्या मानक भवनात, आदेश काढणारं मंत्रालय वेगळं, कामगारांचं मंत्रालय आणखी वेगळं. प्रेस एका राज्यात बनते, दुसऱ्यात वापरून जुनी होते आणि तिसऱ्यात सेकंडहँड विकली जाते. तिच्या मागावर कोणीच नसतं. प्रत्येक पॉवर प्रेसला क्रमांक द्या, तिची नोंद ठेवा, ती विकली की नोंद नव्या मालकाच्या नावे करा. मोटारसायकलला आपण हे करतो.

यात खरी ताकद मोठ्या वाहन कंपन्यांच्या हातात आहे. पुरवठादाराच्या ब्रॅकेटमध्ये मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा फरक निघाला तर त्यांचा माणूस दुसऱ्या दिवशी शेडमध्ये हजर असतो, आणि पुरवठादाराचा पुरवठादार कोण हेही त्याला ठाऊक असतं. मग त्याच भेटीत प्रेसचा क्लच कोणता, गार्ड जागेवर आहे का, हे का पाहिलं जात नाही? गुणवत्तेसाठी साखळीच्या शेवटच्या कडीपर्यंत पोचणाऱ्यांना सुरक्षेसाठीही पोचता येतं. पिन क्लचच्या उघड्या प्रेसवर कापलेला भाग आम्ही घेणार नाही, असं एका वर्षाची मुदत देऊन त्यांनी जाहीर केलं, तर सरकारी आदेशाच्या आधी शेड बदलतील.

ही दिल्लीकडची गोष्ट म्हणून पान उलटू नका. भोसरी, चाकण, वाळूज, अंबड, सातपूर इथेही पत्रा तसाच कापला जातो. आणि हा प्रश्न मराठी माणसाने फार आधी मांडलेला आहे. १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्यात धोकादायक यंत्रांना कुंपण घालण्याची तरतूद होती. तीनच वर्षांनी, १८८४ मध्ये, नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या साडेपाच हजार सह्यांचं निवेदन दिलं. साप्ताहिक सुट्टीची मागणी आपल्याला आठवते. त्याच निवेदनात दुखापत झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार आणि जन्माचं अपंगत्व आलेल्याच्या उदरनिर्वाहाची सोय, हीही मागणी होती. बरा होईपर्यंतचा तो पूर्ण पगार विमा योजनेत आजही मिळत नाही.

वाचकांमध्ये पुण्या-नाशिकच्या कारखान्यांतले कितीतरी इंजिनिअर आहेत, पुरवठादारांच्या तपासण्या करणारे आहेत, लहान शेडचे मालकही आहेत. तुम्हाला एकच विनंती आहे. या आठवड्यात ज्या शेडमध्ये जाल, तिथली प्रेस पाहा. क्लच पिनचा आहे का विचारा. गार्ड काढलेला असेल तर तो बसेपर्यंत प्रेस बंद ठेवायला सांगा, आणि तुमच्या अहवालात ते लिहा.