थकबाकी येन आणि युरोत

आमच्या वाकोल्यातल्या चार सोसायट्यांचा देखभालीचा हिशेब एकाच वेब ॲप्लिकेशनवर चालतो आणि त्याचा सर्व्हर आमच्या ऑफिसच्या पोटमाळ्यावर असतो. २६ जुलै २००५ला सांताक्रूझ वेधशाळेने ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला. तेव्हापासून किमती वस्तू जमिनीवर ठेवायची नाही, हा आमच्याकडे एकमताने पाळला जाणारा एकमेव ठराव. मशीन पुरापासून सुरक्षित, पण पत्र्याखाली बारा महिने शेकतंय.

त्यावरच्या सेंटओएस ७ या ऑपरेटिंग सिस्टिमला मिळणारे सुरक्षा-अपडेट ३० जून २०२४ला बंद झाले. ही बातमी मी कमिटीला अशा काही सुरात दिली, की सेक्रेटरींनी विचारलं, "कोण गेलं?"

मग नव्या मशीनसाठी मी रंगीत तक्ता केला. रॅम, डिस्क, यूपीएस, बॅकअप, कोटेशनं. सगळ्याला रकाना होता. मराठीला नव्हता.

रविवारी रात्री डेटा नव्या मशीनवर, मायएसक्यूएल ८ या डेटाबेसवर चढवला आणि शांत झोपलो. सकाळी तळमजल्यावरच्या काकूंचा फोन. "अरे, माझी पाणीपट्टी परदेशी चलनात कशी काय आली?"

बघतो तर खरंच! यूटीएफ-८ या अक्षर-संकेतनात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. मायएसक्यूएलच्या लॅटिन-१ या संकेतनाच्या हिशेबाने तीच तीन वेगळी चिन्हं. त्यात दीर्घ वेलांटी म्हणजे टिकली लावलेला इंग्रजी ए, मग येन, मग युरो. 'पाणीपट्टी'त दोनदा, 'थकबाकी'त एकदा. आमचं ॲप्लिकेशन मराठी यूटीएफ-८मध्ये पाठवायचं आणि जुनं मायएसक्यूएल, कोणी काही सांगितलं नसल्याने, ते लॅटिन-१ समजून ठेवायचं. वाचतानाही तीच समजूत, त्यामुळे दोन्ही चुकांची बिनबोभाट फिटंफाट व्हायची. आवृत्ती ८.०पासून मूळ सेटिंगच बदललं. नव्या मशीनने त्यातली एकच चूक सुधारली आणि माझी अब्रू गेली.

अध्यक्ष म्हणाले, "युरोत वसूल होत असेल तर राहू दे."

उपाय दोन ओळींचा निघाला: बॅकअप लॅटिन-१ म्हणूनच काढायचा आणि यूटीएफ-८ म्हणून भरायचा. त्या ओळी सापडेपर्यंत चारही सोसायट्यांत माझं नाव 'येनवाला' पडलं होतं.

तुमच्या सोसायटीचा सर्व्हर बदलणार असाल, तर आधी एक 'पाणीपट्टी' नव्या मशीनवर नेऊन वाचून बघा. आणि जुनं मशीन महिनाभर तरी भंगारवाल्याच्या नजरेस पडू देऊ नका.