बोलक्या व्हायरसची लक्षणे आणि चिकित्सा

संगणकाला जडणाऱ्या विकारांचे स्थूलमानाने दोन वर्ग पाडता येतात: मुके आणि बोलके. मुका विकार म्हणजे खराखुरा व्हायरस. आपण शिरलो कधी, बसलो कुठे आणि नेले काय, याचा पत्ता लागू न देण्यावरच त्याचे पोट अवलंबून असल्यामुळे स्वतःच्या आगमनाची वर्दी देण्याच्या फंदात तो सहसा पडत नाही. फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारे रॅन्समवेअर तेवढे तोंड उघडते, पण तेही कुलूप घालून झाल्यावर. बोलका विकार मात्र शिरण्याआधीच बोंब ठोकतो. अळूवडीची कृती किंवा क्रिकेटचा धावफलक शोधता शोधता अचानक सगळा पडदा लाल होतो, भोंगा वाजू लागतो, एक यांत्रिक बाई इंग्रजीत धमकावू लागते आणि ‘आपल्या संगणकात पाच व्हायरस सापडले असून बँकेचे तपशील चोरीला जात आहेत, संगणक बंद न करता खालील नंबरवर ताबडतोब फोन करा’ असा हुकूम झळकतो. या विकाराचे शास्त्रीय वैशिष्ट्य असे की त्यात संगणक ठणठणीत राहतो आणि आजारी पडतो तो संगणकासमोर बसलेला गृहस्थ.

या परंपरेचा उगम शोधू गेल्यास अभ्यासकाला लाहोरपर्यंत जावे लागते. आयबीएम पीसीवरचा पहिला व्हायरस म्हणून ज्याची नोंद होते, तो ‘ब्रेन’ तेथील दोन भावांनी १९८६ साली लिहिला आणि त्यात स्वतःची नावे, दुकानाचा पत्ता व फोन नंबर घालून, लस हवी असल्यास संपर्क साधावा, अशा आशयाची सूचनाही ठेवली. आपल्या वैद्यकीय सॉफ्टवेअरच्या चोरट्या प्रती निघू नयेत एवढाच हेतू होता, असे त्यांचे म्हणणे पडले. परंतु फ्लॉपीवर बसून हा व्हायरस देशोदेशी गेला आणि त्यामागोमाग पत्त्यासोबत दिलेले फोन खणखणू लागले. रोगाबरोबर वैद्याचा खरा पत्ता देण्याची ही सचोटी पुढे टिकली नाही. पुढच्या पिढीतल्या व्यापाऱ्यांच्या ध्यानात आले की या व्यवहारात रोग हा नाहक खर्चाचा भाग आहे, आणि नुसती भीती व फोन नंबर यांवरही धंदा उत्तम चालतो.

अशा, घाबरवून गळ्यात मारल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरला ‘स्केअरवेअर’ म्हणतात. बेलीझमध्ये नोंदलेली आणि युक्रेनमधून चालणारी ‘इनोव्हेटिव्ह मार्केटिंग’ ही कंपनी या शाखेतील एक प्रमुख घराणे मानावी लागेल. ‘विनफिक्सर’, ‘ड्राइव्ह क्लीनर’, ‘एक्सपी अँटिव्हायरस’ अशा भारदस्त नावांची तिची उत्पादने आधी संगणक तपासल्याचा देखावा करीत, मग नसलेले रोग सापडल्याचे जाहीर करीत आणि शेवटी ते बरे करण्यासाठी पैसे मागत. अमेरिकेतील ग्राहकांचे हित पाहणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशनने डिसेंबर २००८ मध्ये या मंडळींना न्यायालयात खेचले, तेव्हा १० लाखांहून अधिक लोकांनी हे औषध विकत घेतल्याचे आयोगाने सांगितले. २०१२ साली १६ कोटी ३० लाख डॉलरचा निवाडाही झाला. ‘मॅकला व्हायरस लागत नाही’ असा अभिमान बाळगणाऱ्यांची सोय २०११ मध्ये ‘मॅक डिफेंडर’ नावाच्या खोट्या अँटिव्हायरसने केली, आणि या क्षेत्रात कोणताही भेदभाव पाळला जात नाही हे सिद्ध झाले.

आता लक्षणांकडे वळावे. पहिले लक्षण तपासणीच्या वेगाचे. ब्राउझरमध्ये उघडलेल्या संकेतस्थळाला संगणकाच्या हार्ड डिस्कवरच्या फायली स्वतःहून चाळण्याची मुभा नसते. ब्राउझर प्रत्येक पानाला एका बंदिस्त चौकटीत ठेवतो आणि या व्यवस्थेला ‘सँडबॉक्स’ म्हणतात. त्यामुळे पानावर जी हिरवी पट्टी सरसर पुढे सरकते आणि फायलींची नावे झरझर धावतात, ती तपासणी नसून चित्रफीत असते. दुसरे लक्षण सामान्यज्ञानाचे. अनेक खोटे इशारे समोर कोणते यंत्र आहे याची चौकशी न करताच दिले जात असल्यामुळे मॅकवर काम करणाऱ्याच्या ‘सी ड्राइव्ह’मध्ये, एवढेच नव्हे तर खिशातल्या मोबाइलच्या ‘सी ड्राइव्ह’मध्येही, त्यांना व्हायरस आढळतात. तिसरे लक्षण निर्णायक आहे, ते म्हणजे फोन नंबर. आपल्या इशाऱ्यांत कधीही फोन नंबर नसतो, असे मायक्रोसॉफ्टने वारंवार स्पष्ट केले आहे; आणि खरीखुरी अडचण आल्यावर या कंपनीतील जिवंत माणूस गाठायला किती खटाटोप करावा लागतो हे ज्यांनी अनुभवले आहे, त्यांना तर या स्पष्टीकरणाचीही गरज पडू नये. चौथे लक्षण म्हणजे ‘संगणक बंद करू नका’ ही काकुळतीची विनंती. ती अगदी प्रामाणिक असते, कारण ते पान बंद होताच रोग, रोगी आणि वैद्य यांचे नाते तत्क्षणी संपुष्टात येते. अशुद्ध इंग्रजी हे पूर्वी पाचवे लक्षण मानले जाई. परंतु कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कृपेने भामट्यांचे व्याकरण आता पुष्कळ सुधारले असल्यामुळे या लक्षणावर विसंबून राहणे इष्ट नाही.

मानवी स्वभावाचा विचार केल्यास हा इशारा इतका परिणामकारक का ठरतो, हे कोडे मोठे मनोरंजक आहे. जो गृहस्थ सोसायटीच्या थकबाकीची नोटीस तीन महिने शीतकपाटावर चुंबकाखाली विसावू देतो आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली रक्ततपासणी दिवाळीनंतरवर ढकलतो, तोच गृहस्थ कोण्या अनोळखी पानाने दिलेला पाच मिनिटांचा अवधी तंतोतंत पाळतो. त्याची पाचावर धारण बसलेली असते. शिवाय आपण नुकते नेमके कोणते पान उघडले होते हे घरातल्या तरुण पिढीला कळू नये, अशीही एक सुप्त इच्छा असते, आणि त्यामुळे शेजारच्या खोलीतल्या मुलीला हाक मारण्यापेक्षा अज्ञात नंबर फिरवणे त्याला अधिक सुरक्षित वाटते.

फोन लागल्यानंतरचा प्रयोग जवळून पाहण्यासारखा आहे. पलीकडचा आवाज अत्यंत नम्र असतो. तो प्रथम विंडोजमधील ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडायला लावतो. संगणक दिवसभरातल्या लहानमोठ्या घटना ज्या वहीत टिपतो ती ही वही असून, प्रिंटर सापडला नाही, अमुक सेवा वेळेवर सुरू झाली नाही, असल्या क्षुल्लक तक्रारींच्या लाल-पिवळ्या खुणा कोणत्याही धडधाकट संगणकात पानोपानी आढळतात. फोनवरचा तज्ज्ञ मात्र प्रत्येक खुणेगणिक सुस्कारा सोडतो. यानंतर काळ्या खिडकीत ‘एएसएसओसी’ ही पाच अक्षरी आज्ञा टाइप करायला सांगितली जाते. तिचे खरे काम कोणत्या प्रकारची फाइल कोणत्या प्रोग्रॅमशी जोडलेली आहे याची यादी दाखवणे एवढेच. त्या यादीच्या शेवटाकडे ८८८डीसीए६० अशी सुरुवात असलेला एक लांबलचक क्रमांक येतो. तज्ज्ञ तो आपल्याजवळच्या कागदावरून आधीच वाचून दाखवतो आणि हा तुमच्याच संगणकाचा गुप्त परवाना क्रमांक असल्याचे सांगतो. क्रमांक अक्षरशः जुळतो आणि उरलासुरला संशय विरघळतो. वास्तविक तो क्रमांक जगातल्या यच्चयावत विंडोज संगणकांत एकच असतो, आणि दारात उभा राहून ‘या घरात कोणाचे तरी गुडघे दुखतात’ असे भविष्य वर्तवणाऱ्या ज्योतिष्याचा अचूकपणा जितका अद्भुत, तितकाच हाही.

इतका विश्वास बसल्यावर दुरून संगणक चालवू देणारे ‘एनीडेस्क’ किंवा ‘टीमव्ह्यूअर’ यांसारखे ॲप उतरवून घ्यायला लावले जाते. ही ॲप मुळात कायदेशीर आणि उपयुक्त आहेत. पण त्यांचा क्रमांक परक्याला सांगणे म्हणजे माउस त्याच्या हाती देणे होय. येथून पुढे चोराच्या हातात जामदारखान्याच्या किल्ल्या येतात आणि चोराच्या उलट्या बोंबांचे पहिले पर्व संपते.

या विद्येत भारताचा वाटा लपवण्यात अर्थ नाही. अमेरिका आणि ब्रिटनमधील वृद्धांना गेलेल्या अशा फोनांपैकी पुष्कळसे भारतातील कॉल सेंटरांतून गेले आहेत. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडवरच्या कॉल सेंटरांवर छापे घातले, तेथील मंडळी व्हायरसऐवजी अमेरिकी करखात्याची भीती विकत होती. माल वेगळा असला तरी पेढी एकाच पद्धतीची होती. ऑक्टोबर २०२३ मधील सीबीआयच्या ‘ऑपरेशन चक्र-२’ या मोहिमेत ७६ ठिकाणी झडत्या झाल्या, त्यातील काही प्रकरणे तर थेट तांत्रिक मदतीच्या नावाने केलेल्या फसवणुकीची होती आणि मायक्रोसॉफ्ट व ॲमेझॉन यांनी त्यांची तक्रार केलेली होती. पिकते तेथे विकत नाही ही म्हणही या धंद्याने खोटी पाडली. मायक्रोसॉफ्टच्या २०२१ च्या पाहणीत भारतातील ६९ टक्के उत्तरदात्यांनी, मागील वर्षभरात आपल्याला असा अनुभव आला, असे सांगितले.

बोलक्या विकाराचे चुलत भावंड म्हणजे ‘ॲडवेअर’, अर्थात जाहिराती दाखवून त्यांवर पोसले जाणारे सॉफ्टवेअर. ते दरोडा घालत नाही, पाहुणा म्हणून येते आणि मुक्काम ठोकते. त्याच्या आगमनाचा राजमार्ग फुकट वस्तूंच्या बाजारातून जातो. पत्रिका जुळवणारे सॉफ्टवेअर, लग्नाच्या बायोडाट्याचा नमुना, पीडीएफची वर्ड करणारे यंत्र किंवा जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हर शोधणाऱ्यास ज्या पानावर चार ठसठशीत हिरवी ‘डाउनलोड’ बटणे दिसतात, तेथे चारही बटणे जाहिरातींची असून खरा दुवा तळाशी बारीक निळ्या अक्षरांत असण्याचा संभव फार. पुढे ‘नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश’ या मंत्राचा जप सुरू होतो आणि न वाचलेल्या चौकोनात आधीच केलेली बरोबरची खूण एक टूलबार, एक नवे शोधपान आणि एक ‘पीसी जलद करणारा’ प्रोग्रॅम घेऊन येते. कधीकधी कुंपणच शेत खाते. सप्टेंबर २०१४ पासून काही महिने लेनोव्होच्या काही लॅपटॉपांमध्ये ‘सुपरफिश’ नावाचे ॲडवेअर कारखान्यातूनच बसवलेले होते. सुरक्षित जोडण्यांच्या मध्ये घुसून ते जाहिराती पेरत असे, आणि त्यासाठी लागणारी गुप्त किल्ली सर्व यंत्रांत एकच असल्याचे फेब्रुवारी २०१५ मध्ये उघड झाल्यावर कंपनीला ते काढून टाकण्याचे साधन पुरवावे लागले.

अलीकडे मात्र काहीही न बसवता काम भागते. ‘आपण यंत्रमानव नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाउ दाबा’ असे एखादे पान सांगते, सज्जन वाचक आपले मनुष्यत्व सिद्ध करतो, आणि त्या क्षणापासून पडद्याच्या कोपऱ्यात ‘अँटिव्हायरसची मुदत संपली’ अशा सूचनांचा जो पाऊस सुरू होतो त्यापुढे ‘भीक नको पण कुत्रा आवर’ म्हणण्याची पाळी येते. या सूचना व्हायरस नसतात. त्या मागून घेतलेल्या असतात.

चिकित्सा रोगापेक्षा बरीच सोपी आहे. लाल पानाने पडदा व्यापला असल्यास एस्केप ही कळ काही क्षण दाबून धरावी. तेवढ्याने न भागल्यास कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा, ब्राउझर निवडून ‘एंड टास्क’ करावे आणि तो पुन्हा उघडताना ‘आधीची पाने परत आणू का’ या आपुलकीच्या प्रश्नाला ठाम नकार द्यावा. नंतर ब्राउझरच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशनची परवानगी मिळालेल्या संकेतस्थळांची यादी पाहावी, अनोळखी नावे काढावीत, आणि ब्राउझरला चिकटलेल्या जोडप्रोग्रॅमांची, म्हणजे एक्स्टेन्शनांची, तशीच झाडाझडती घ्यावी. विंडोजमधील ॲपची यादी तारखेनुसार लावल्यास दुखणे सुरू झाले त्या दिवशी कोण कोण घरात आले होते हे स्पष्ट दिसते, आणि बिनबुलाये तेवढे अनइन्स्टॉल करता येतात. एवढ्यावरही शोधपान मूळ पदावर येत नसेल तर ब्राउझर रीसेट करावा.

पुढची पायरी तपासणीची. विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर हा अँटिव्हायरस आधीपासूनच असतो, आणि त्याची ‘ऑफलाइन स्कॅन’ ही तपासणी विंडोज सुरू होण्यापूर्वी साधारण पंधरा मिनिटांत उरकते. खास ॲडवेअरसाठी ‘ॲडव्हक्लीनर’ हे फुकट साधन असून २०१६ पासून ते मालवेअरबाइट्स या कंपनीकडे आहे. भारत सरकारने २०१७ मध्ये सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावरही मोफत सफाई साधने मिळतात आणि त्यांत पुण्याच्या क्विक हीलने दिलेले साधनही आहे. यांपैकी जे वापरायचे ते त्या त्या संस्थेच्या मूळ संकेतस्थळावरूनच उतरवावे, कारण ॲडवेअर काढण्याच्या नावाखाली ॲडवेअर घालणारे परोपकारी लोक या क्षेत्रात विपुल आहेत. एकाच वेळी दोन अँटिव्हायरस चालू ठेवण्याचा अतिदक्षपणाही टाळावा, कारण ते एकमेकांवरच संशय घेत बसतात.

माउस परक्याच्या हाती गेला असेल तर मात्र विनोद तेथेच थांबवावा. इंटरनेट तोडावे, दूरनियंत्रणाचे ॲप काढावे, दुसऱ्या यंत्रावरून पासवर्ड बदलावेत, बँकेला कळवावे आणि लाज न बाळगता १९३० या सरकारी मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी, कारण तक्रार जितकी लवकर तितकी पैसे वाटेत अडवले जाण्याची शक्यता जास्त. वाचकाने एवढे एकच सूत्र पाळले तरी पुरे: पडद्यावर आपोआप उमटलेला नंबर कधीही फिरवू नये, आणि हात फोनकडे वळलाच तर तो १९३० साठी वळावा.