तिजोरीच्या कुलपास कोपरापासून नमस्कार

रा. रा. सरकारी तिजोरीचे कुलूप यांस,

कोपरापासून नमस्कार, विनंती विशेष.

मी निवृत्त शिरस्तेदार. अर्धं आयुष्य सत्र न्यायालयाच्या दप्तरात गेलं. तिथे बसून तुमची जी काटकसर पाहिली, तिचं कौतुक करायचं राहून गेलं होतं.

खुनाचा खटला घ्या. पोलीस तुमच्या पैशांवर, प्रयोगशाळा तुमच्या पैशांवर, सरकारी वकीलही तुमचेच. खटला गाजलेला असला की विशेष सरकारी वकील, त्यांची फी वेगळी. आरोपी कफल्लक असला तर त्याचाही वकील तुमच्याच पदरी! पण त्याचं बिल आलं की त्यात त्रुटी निघायची. त्रुटीची पूर्तता झाली की पूर्ततेत त्रुटी. मग वकीलही शहाणे होत. साक्षीदारामागून साक्षीदार पिंजऱ्यात येई आणि कागदावर उमटे, ‘उलटतपास नाही’. केवढी शाई वाचली!

राज्यघटनेत १९७६ साली कलम ३९-अ घालून मोफत कायदेशीर मदतीचं लचांड कुणी तुमच्या गळ्यात बांधलं, देव जाणे. १९७८ साली होसकोट खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यरांनी ती आरोपीच्या हक्काचीच ठरवली. तो खटला तर आपल्या महाराष्ट्र सरकारविरुद्धचाच. पुढे भागलपूरच्या आंधळ्या केलेल्या कैद्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, पैसे नाहीत ही सबब चालणार नाही. कुलपाला असं बोलायचं असतं का?

लोक मात्र तुमच्या बाजूचे. ‘खुन्याला फुकट वकील कशाला?’ प्रश्न बिनतोड आहे. तो खुनी आहे हे चौकात आधीच ठरलेलं असतं. न्यायाधीश बिचारे मागाहून येतात.

काटकसरीचा कळस पाहायचा तर मध्य प्रदेशात खंडव्याला जावं. २०१३ साली नऊ वर्षांच्या मुलीवरील अत्याचार आणि खुनाचा खटला. ज्या दिवशी आरोपीला वकील दिला, त्याच दिवशी दोषारोप निश्चित. पंधरवड्याच्या आत फाशी. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने ते सगळं रद्द करून फेरसुनावणीला धाडलं आणि बजावलं, जन्मठेप किंवा फाशी होऊ शकेल अशा खटल्यात वकील किमान दहा वर्षं मुरलेला हवा, तयारीला साधारण सात दिवस तरी हवेत. पुन्हा फाशी, पुन्हा खटला परत. २०२४ साली तो माणूस निर्दोष सुटला.

आता हिशेब मांडू या, तुमच्याच पद्धतीने. जमा : सात दिवस. खर्च : एका माणसाची तुरुंगातली अकरा वर्षं, आणि तीन न्यायालयांचा वेळ. त्या मुलीच्या आईबापांना अकरा वर्षांनी काय मिळालं, ते कुठल्या रकान्यात लिहायचं हे मला नोकरीत कुणी शिकवलं नाही.

२०२२ च्या योजनेत महिन्याच्या मानधनावर पूर्णवेळ बचाव वकील नेमू लागलेत. खटल्यागणिक बिल नाही, म्हणजे त्रुटी काढण्याचा तुमचा खेळ निम्मा बुडाला. सांत्वन स्वीकारावे. मानधन वेळेवर सोडलंत तर आभारी राहीन.

आपला आज्ञाधारक,
एक पेन्शनर

ता. क. कोठडीतल्या कोणालाही, त्याचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मागता येतो : १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा, कलम १२. फोन १५१००. हे कृपया कुणाला सांगू नका, खर्च वाढेल.