रुळांवरचा विकतचा गंज

आगगाडीच्या प्रतिकृती करणाऱ्या छांदिष्टांची कमाल आहे. नवाकोरा रूळ आणायचा, ब्रशाने त्याच्या बाजूंना तपकिरी गंज चढवायचा, खडीवर काळपट पाणी फिरवायचं. माथा तेवढा लख्ख ठेवायचा, कारण चाकं तो घासत असतात. म्हणजे गाडी धावते हे गृहीतच! नगरकराला विचारा. नगर-बीड-परळी मार्ग १९९५ साली मंजूर झाला आणि नगर-आष्टी या ६६ किलोमीटरवर प्रवासी गाडी आली सप्टेंबर २०२२मध्ये. आमच्याकडे जुनेपणा आधी फायलीला चढतो, तोही ब्रशाविना. प्रतिकृतींच्या १:८७ या प्रमाणात हा २६१ किलोमीटरचा मार्ग बरोब्बर तीन किलोमीटर भरतो. काम एखाद्या हौशी गृहस्थालाच द्यायचं होतं; भूसंपादन गच्चीपुरतं, आणि हरकती फक्त घरच्यांच्या.