प्रमुख अर्जदार आणि मागाहून येणारे

कॅनडात स्थायिक व्हायला निघालेल्या मराठी घरात कर्ता कोण, हे हल्ली फॉर्म ठरवतो. तिथे एक ‘प्रमुख अर्जदार’ असतो. घरच्यांनी त्याच्यासोबत किंवा त्याच्यानंतर यायचं. आधी पोहोचलेलं चालत नाही. निवडीचे गुण बायकोचे जास्त भरले, तर साहेबांनी निमूट मागच्या विमानात बसायचं.

मग ती जानेवारीत टोरांटोला, मुलं परीक्षा आटोपून उन्हाळ्यात आणि नवरा फ्लॅटला गिऱ्हाईक मिळेल तेव्हा!

विमानतळावर सीमाशुल्क खातं दोन याद्या मागतं: सोबतचं सामान आणि मागाहून येणारं सामान. दुसऱ्या यादीत नसलेल्या वस्तूवर पुढे शुल्क लागू शकतं. म्हणून पुरणयंत्र, पितळी समई, आईच्या पाटल्या, सगळं किमतीसह लिहायचं.

माणसांचा हिशेब त्याहून कडक. अर्जात न दाखवलेल्या जोडीदाराला किंवा मुलाला नंतर बोलावून घेणं सहसा जमत नाही. कायम रहिवासाचा दर्जा टिकवायला पाच वर्षांत ७३० दिवसांच्या मुक्कामाची अटही प्रत्येकाला स्वतंत्र.

तेव्हा तिकिटं वेगवेगळी काढण्याआधी प्रत्येकाच्या व्हिसाची मुदत पाहून घ्या. ती बहुधा वैद्यकीय तपासणीच्या तारखेवर ठरते. पंचांगातल्या मुहूर्ताची तिथे नोंद नसते.